जेवणाला एक क्विंटल धान

2025-26 च्या खरिपासाठी साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला 2369 रुपये ठरला. तो जाहीर झाला तेव्हा आम्ही दोघं स्वित्झर्लंडला निघायच्या तयारीत होतो. मुलगी बासेलला औषधाच्या कंपनीत नोकरी करते. पोहोचल्यावर पहिल्याच आठवड्यात तिनं आम्हाला दुपारी बाहेर जेवायला नेलं. हॉटेल साधंच, ऑफिसातली माणसं मधल्या सुटीत पोटभर खाऊन जातात तसलं. सूप, कोशिंबिरीसारखं काहीतरी आणि किसून परतलेल्या बटाट्यांचं जाड थालीपीठ. माणशी 22 फ्रँक. त्या दिवसांत एक फ्रँक साधारण 106 रुपयांना पडत होता. यजमानांनी कागदी रुमालावर हिशेब मांडला आणि माझ्यापुढे सरकवला. एका माणसाच्या एका वेळच्या जेवणाला जवळजवळ एक क्विंटल धान.

एक क्विंटल धान म्हणजे काय, ते आमच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात कुणालाही विचारा. पऱ्हे टाकायचे, चिखलणी करायची, पावसात पाठ वाकवून रोवणी करायची. मग निंदण, कापणी, भारे, चुरणी. त्यानंतर खरेदी केंद्रावर नंबर लावायचा आणि बारदाना कधी येतो त्याची वाट पाहायची. पलीकडे छत्तीसगडात तेच धान सरकार 3100 रुपयांनी घेतं, ही सल वेगळीच. हे सगळं त्या रुमालावरच्या आकड्यात मला दिसत होतं, आणि ते जेवण माझ्या घशाखाली नीट उतरलं नाही.

आमच्या गावी, नवेगाव बांधला परतल्यावर भेटायला येणारा प्रत्येक जण हेच विचारत होता, तिकडे फार महाग आहे का हो? मी प्रत्येकाला हा क्विंटलचा हिशेब सांगितला. पण तेवढंच सांगितलं तर अर्धीच गोष्ट होते. उरलेली अर्धी सांगण्यासाठी हा लेख लिहिते आहे.

त्या हॉटेलात आम्हाला जेवण वाढणारी बाई मूळची पोर्तुगालची होती. तिला किती पगार मिळत असेल, असं मी मुलीला विचारलं. मुलगी म्हणाली, बासेल शहराच्या कॅन्टनमध्ये किमान वेतनाचा कायदा आहे, त्याच्या खाली देताच येत नाही. लोकांनी मतदान करून तो आणला आणि 2022 च्या जुलैपासून तो लागू झाला. सुरुवातीचा दर तासाला 21 फ्रँक होता, पुढे थोडा थोडा वाढत गेला. जिनिव्हानं तर 2020 मध्येच मतदानानं तासाला 23 फ्रँक ठरवले होते. म्हणजे आम्ही खाल्लेलं जेवण त्या बाईच्या एका तासाच्या कामात येतं. कर, विमा कापला जातो असं धरलं तरी दीड तासात नक्की.

तेव्हापासून मी महागाई तासांत मोजते. रुपयाचा फ्रँक करायचा, फ्रँकचा रुपया करायचा, ही पाहुण्याची मोजणी झाली. त्यातून पाहुण्याच्या खिशाची अवस्था कळते, त्या देशाविषयी काहीच कळत नाही. एखादी जागा महाग आहे की नाही ते पाहायचं असेल तर तिथं भांडी घासणाऱ्या, खोल्या झाडणाऱ्या, गाडी चालवणाऱ्या माणसाला तिथलंच जेवण किती तासांच्या मेहनतीत मिळतं ते विचारावं.

हाच हिशेब आता आमच्या गावाला लावते. रोजगार हमीच्या कामावर महाराष्ट्रात 2025-26 ची मजुरी दिवसाला 312 रुपये होती. जंगलाच्या वाटेवरच्या पर्यटकांच्या हॉटेलांत साधी शाकाहारी थाळी आता जवळपास तेवढ्यालाच पडते. बासेलच्या बाईला एक तास, आमच्या बाईला सबंध दिवस. थाळी वाढणारी, कणीक मळणारी, ताटं विसळणारी बाई ती थाळी स्वतःच्या पोरांना घेऊन खायला बसली, तर घरच्या चौघांना चार दिवसांची मजुरी लागेल. या मापानं मोजलं तर महाग गाव बासेल नाही. महाग गाव नवेगाव बांध आहे.

हे वाचून कोणी म्हणेल, बाईंना परदेशाचं फार कौतुक झालेलं दिसतं. तसं नाही. तिथंही घरभाडं आणि आरोग्यविम्याचा हप्ता यांनी लोक बेजार आहेत. बासेल अगदी सीमेवर आहे. 8 नंबरची ट्राम थेट जर्मनीतल्या वाइल आम राइनला जाते, आणि किराणा, मांस, साबण आणायला बासेलची माणसं त्या ट्राममध्ये पिशव्या घेऊन बसलेली मी पाहिली. हा ओघ इतका मोठा की बाहेरून करमुक्त सामान आणायची मर्यादा 2025 च्या जानेवारीपासून 300 फ्रँकवरून 150 वर आणावी लागली. तेव्हा महागाई त्यांनाही बोचते. फरक एवढाच की ती बोचते हे मान्य करून त्यांनी आपल्या माणसांसाठी वाटा काढून ठेवल्या आहेत.

रेका ही त्यातली एक वाट. 1939 साली तिथं ही सहकारी संस्था निघाली. कामगार संघटना, मालक आणि पर्यटनातली माणसं एकत्र आली, कामगाराला सुटीसाठी सवलतीत पैसे साठवता यावेत म्हणून. संस्थेची स्वतःची सुटीची गावं आहेत, आणि कमी मिळकतीच्या कुटुंबांना ती नाममात्र पैशांत आठवडाभर सुटी घडवते. ज्या वर्षी युरोपात महायुद्ध पेटलं त्या वर्षी या लोकांना मजुराच्या सुटीची काळजी होती! सुटी ही श्रीमंताची चैन नाही, कष्टणाऱ्याची ती गरज आहे, हे त्यांनी फार आधी ओळखलं.

आम्ही स्वतः तिथं कसे राहिलो तेही सांगते, कारण आपल्याकडून दरवर्षी पुष्कळ माणसं तिकडे जातात आणि बरीचशी हबकून परततात. सकाळचा चहा आणि पोहे घरी. दुपारचा डबा पाठीवरच्या पिशवीत. मराठी टूर कंपन्या आपल्या माणसांना तिथंही घरच्यासारखं जेवण मिळेल असं आवर्जून सांगतात, ते उगाच नाही. बाहेर बसून नुसती कॉफी घेतली तरी साडेचार-पाच फ्रँक जातात, आणि हॉटेलात पाण्याच्या बाटलीचे वेगळे. पण रस्त्यावरच्या कारंज्यांचं पाणी प्यायचं असतं, हे कळलं आणि बाटली विकत घेणं बंद झालं. एकट्या झुरिकमध्ये अशी बाराशेच्या वर कारंजी आहेत. कुठे खावंसं वाटलं तर मिग्रोस आणि कोप या मोठ्या दुकानांच्या वरच्या मजल्यावरचं खाणं त्यातल्या त्यात परवडतं. बासेलच्या हॉटेलात उतरणाऱ्या पाहुण्याला शहरातल्या बस-ट्रामचा पास फुकट मिळतो. युंगफ्राउयोखला, 3454 मीटरवर, इंटरलाकेनहून जायचं-यायचं भाडं माणशी दोनशे फ्रँकच्या वर आहे. आम्ही गेलो नाही. दोघांचं मिळून वीस क्विंटलच्या आसपास धान होतं ते.

त्याऐवजी संध्याकाळी ऱ्हाईनच्या काठावर जाऊन बसायचो. ऑफिस सुटलं की बासेलची माणसं, बँकेतली साहेब मंडळी असोत की रंगारी, कपडे एका माशाच्या आकाराच्या जलाभेद्य पिशवीत भरतात, पिशवीचं तोंड गुंडाळून बंद करतात आणि तिला धरून नदीत झोकून देतात. प्रवाह नेईल तिकडे तरंगत जायचं, खाली कुठेतरी काठाला लागायचं, कपडे चढवायचे आणि घरी. तिकीट नाही, पास नाही, बुकिंग नाही. जगातल्या अति महाग शहरांपैकी एकात सगळ्यात मोठी मौज फुकट आहे, आणि ती साहेबाला आणि मजुराला एकाच पाण्यात मिळते.

मग आम्ही मुलीबरोबर झर्नेझला गेलो. तिथं स्विस राष्ट्रीय उद्यान आहे, 1 ऑगस्ट 1914 ला स्थापन झालेलं, सुमारे 170 चौरस किलोमीटरचं. आमचं नवेगाव राष्ट्रीय उद्यान 1975 चं, 133.88 चौरस किलोमीटरचं. म्हणजे आकारानं सख्खी बहीणच. तिथले नियम आपल्यापेक्षा कडक आहेत. आखलेली पायवाट सोडायची नाही, फूल तोडायचं नाही, कुत्रं आणायचं नाही, गाडी तर नाहीच. पण प्रवेश शुल्क नाही. एक फ्रँकही नाही. माहिती केंद्र पाहायचं तर तिकीट, जंगलात पायी जायला काही लागत नाही. उद्यानाबाहेरच्या जंगलांत तर त्यांच्या दिवाणी संहितेच्या 699 व्या कलमानं कोणालाही फिरण्याचा आणि स्थानिक रीतीप्रमाणे रानफळं, अळिंबी गोळा करण्याचा हक्क आहे. पावसाळ्यात वारुळांवरच्या सात्या वेचायला जाणाऱ्या आमच्या बायका मला तिथं आठवल्या. त्या जातात तेव्हा कोणी हटकेल या भीतीनं मागे बघत बघत जातात.

तिथं वाघ नाही, हे मला ठाऊक आहे. वाघ, बिबट, अस्वल असलेल्या जंगलात माणसं पायी सोडता येत नाहीत. गाडी लागणार, गाईड लागणार, त्यांचा खर्च येणार. तो खर्च कोणी सोसायचा आणि कोणी नाही, हा मात्र ठरवण्याचा प्रश्न आहे, आणि तो आपण चुकीचा ठरवला आहे.

18 जून 2025 ला लेखक मारुती चितमपल्ली सोलापुरात वारले, तेव्हा मी बासेलला होते. बातमी मोबाइलवर वाचली आणि दिवसभर काही सुचलं नाही. नवेगावला वनाधिकारी असताना त्यांनी हे रान पाहिलं, ऐकलं आणि महाराष्ट्राला दाखवलं. 'नवेगावबांधचे दिवस' त्यांनी लिहिलं. पण त्यांना पक्षी, झाडं, मासे, पाण्याच्या वाटा दाखवल्या त्या इथल्याच माणसांनी. माधवराव पाटलांनी दाखवल्या, ढिवरांनी दाखवल्या, गोंडांनी दाखवल्या. नवेगावचा तलावही इथल्याच माणसानं बांधलेला. कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला तो बांधला, असं परंपरा सांगते, आणि लोक त्यांना कोलासूर देव म्हणून पुजतात. भोवतीच्या सात टेकड्या म्हणजे त्यांना मदत करणाऱ्या सात बहिणी, असं लहानपणी आम्ही ऐकलं आणि पुढे शाळेत मी मुलांना सांगितलं. जे ज्ञान पुस्तकांत गेलं ते इथल्या लोकांचं, जे पाणी पाहुणे बघायला येतात ते इथल्या लोकांनी अडवलेलं.

2013 च्या डिसेंबरात नवेगाव आणि नागझिरा मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. त्याचा मला अभिमान आहे. जंगल राखलं गेलं पाहिजे याविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. त्यासाठी कालीमाती, कवलेवाडा, झनकारगोंदी ही गावं रानातून उठली. त्यांतल्या एका गावची लेक आज एका रिसॉर्टच्या स्वयंपाकघरात काम करते. माझी जुनी विद्यार्थिनी. मागे बाजारात भेटली. सफारीचा विषय निघाला तर म्हणाली, "बाई, आंदर आमचा गाव होता जी. आता पोरायले दाखवाले न्यायचा म्हटलं त गाडीचेच इतले पैसे लागतेत. आमी कायले जातो?"

जिप्सीचं भाडं, प्रवेश शुल्क, गाईडचं मानधन, वर कॅमेऱ्याचं वेगळं. सगळं धरून एका फेरीला काही हजार रुपये होतात. नागपूर-मुंबईच्या सहा जणांत ते वाटले गेले की जाणवत नाहीत. या बाईसाठी ती काही आठवड्यांची मजुरी आहे. शिवाय बुकिंग ऑनलाइन, तेही आधी करायचं. तिच्या मुलानं वाघ पाहिलाय तो मोबाइलवर, दुसऱ्या कुठल्या तरी जंगलातला.

दर चढे ठेवले म्हणजे गर्दी आटोक्यात राहते, असं वनखात्यातली माणसं सांगतात. गर्दी नको हे मलाही पटतं. पण पैशाची चाळणी लावली की खाली गळतो तो नेमका इथला माणूस. गर्दी आवरायची तर गाड्यांची संख्या बांधून द्या, ती तशी बांधलेली आहेच. त्या संख्येतला काही वाटा गावांना द्या. सुटीचे दिवस आणि ऐन उन्हाळा सोडला तर कित्येक सकाळी जिप्सी गेटवर रिकाम्या उभ्या असतात. चालकही बसून, गाईडही बसून. त्या दिवशी त्याच गाडीत गावातली सहा माणसं दिवसाच्या मजुरीएवढ्या पैशांत आत गेली तर वाघाचं काय बिघडणार आहे? नागपुरात गोरेवाड्याला 2021 पासून बसमधून सफारी होते. आमच्याकडेही एक लहान बस आठवड्यातून एकदा ठरलेल्या रस्त्यानं जाऊ शकते. ताडोब्यात 'चला माझ्या ताडोबाला' म्हणून भोवतालच्या गावांतली शाळकरी मुलं जंगलात नेण्याचा उपक्रम चालत आला आहे. तो चांगला आहे, पण मुलांच्या आयांचं काय? जळणासाठी, मोहफुलांसाठी, तेंदूपानांसाठी अस्वलाला तोंड देत ज्या रानात जातात, त्यांनी एकदा तरी गाडीत बसून, डोक्यावर भारा नसताना ते रान पाहायला नको?

मिळालेल्या उत्पन्नातून गावांचा विकास होतो, असंही उत्तर येतं. जन-वन विकास योजनेत गावांना गॅस आणि इतर सोयी मिळाल्या, ते खरं आहे आणि मोलाचं आहे. पण गॅस दिला म्हणून रान बघायचा हक्क फिटत नाही.

जेवणाचं तर मला जास्तच लागतं. नवेगावला आलेला पाहुणा खातो काय? पनीर मसाला आणि तंदुरी रोटी. पनीर बाहेरून येतं, गहू बाहेरून येतो. तलावात शिंगाडे आहेत, मरळ आहे, कमळाचे कंद आहेत, काठच्या शेतात लाखोळी आहे. धान तर घरोघरी. लाखोळीचे वडे, गरम भात, तलावातल्या मासळीचा झणझणीत रस्सा, पावसाळ्यात सात्यांची भाजी, बांबूच्या कोवळ्या वास्त्यांची भाजी. हे जेवण ढिवर आणि कोहळी घरांत रोज शिजतं आणि पाहुण्याच्या ताटात कधीच येत नाही. स्वित्झर्लंडात 22 फ्रँक मोजले तेव्हा ताटात त्या मातीतला बटाटा होता, आणि त्यातला काही पैसा त्या मातीत राबणाऱ्याकडे गेला असणार. इथं पाहुण्याचे तीनशे रुपये ताटावरूनच गावाबाहेर जातात. म्हणून थाळी गावाला महाग पडते आणि गावाला काही देतही नाही.

बचत गटाच्या बायकांना गेटजवळ एक साधं छप्पर, पाण्याचा नळ आणि पक्कं स्वयंपाकघर द्या. दराचा फलक बाहेर मोठ्या अक्षरांत लावा. पाहुण्याला रास्त दरात, आणि परिसरातल्या गावचा माणूस आला तर त्याहून कमी दरात. दोन दर ठेवण्यात अन्याय नाही. दोघांच्या कामाचा तास सारख्या मोलाचा नाही, तोवर दर सारखा ठेवण्यातच अन्याय आहे.

तुम्ही या हिवाळ्यात नवेगावला येणार असाल, तर या. पाहुणा यावा असंच गावाला वाटतं. सकाळी थंडीत तलावावर पाहुणे पक्षी उतरतात ते पाहा, कोलासुराच्या पाया पडा, सवड असेल तर गोठणगावच्या तिबेटी वसाहतीत जाऊन या. ती माणसं 1972 पासून आमच्यात राहतात. हॉटेलात बसल्यावर लाखोळीचे वडे मागा, नसतील तर पुन्हा मागा. मागणी झाली की दुसऱ्या दिवशी डाळ भिजते. आणि जिप्सीच्या चालकाला विचारा, तुमची मुलं आत येऊन गेली का? उत्तर 'नाही' असं आलं, तर गेटवरच्या अभिप्रायाच्या वहीत तेवढं लिहून जा. आमच्या तक्रारीपेक्षा तुमच्या दोन ओळींना जास्त वजन आहे.

व्याघ्र प्रकल्पाच्या अधिकाऱ्यांना आणि जिल्हा परिषदेला माझी मागणी साधी आहे. पावसाळ्यानंतर जंगलाची दारं उघडतील तेव्हा रोजच्या फेऱ्यांतली निदान एक गाडी परिसरातल्या गावांसाठी राखून ठेवा. तिचं नावनोंदणीचं रजिस्टर ग्रामपंचायतीत असू द्या, आणि तिचं भाडं माणशी एका दिवसाच्या मजुरीच्या वर जाऊ देऊ नका. पहिल्या गाडीत कालीमाती, कवलेवाडा आणि झनकारगोंदीची माणसं बसवा.